उन्मादाचे पूर्वरूप आणि तालुक्याचा दवाखाना

मानसरोगांचा विषय निघाला की आपल्या व्यवसायबंधूंची प्रतिक्रिया बहुधा ठरलेली असते : हे आपले काम नव्हे, मानसोपचारतज्ज्ञांचे आहे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि प्रस्तुत लेखात त्याला विरोध करण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे त्याच्या अलीकडच्या टप्प्याविषयी आहे. रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचतो केव्हा, आणि पोहोचण्यापूर्वीचा काळ तो कोणाकोणाच्या बाकावर बसून काढतो, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. तालुके चौदा. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून जिल्हा रुग्णालय गाठायचे तर शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास. मानसोपचारतज्ज्ञ आहेत ते बहुतांशी नगर शहरात, लोणीसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ठिकाणी, नाहीतर थेट नाशिक-पुण्यास. बाकी बाजारगावांत दवाखान्याची पाटी असते ती बहुधा बी.ए.एम.एस. वैद्याची. तेव्हा उन्मादाचा भावी रुग्ण प्रथम आपल्याला भेटतो, हे आपल्याला रुचो वा न रुचो.

तो उन्मादाची तक्रार घेऊन येत नाही. झोप लागत नाही, डोके रिकामे वाटते, छातीत धडधडते, अन्नावर वासना नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, अशक्तपणा आला आहे, अशा त्याच्या तक्रारी असतात. वय सोळा ते पंचवीसच्या दरम्यान. सोबत आई असते आणि ती दाराबाहेर गाठून हळूच सांगते, ‘हल्ली कोणाशी बोलत नाही हो, खोलीतच बसून असतो.’ आपण नाडी पाहतो, जीभ पाहतो, अग्निमांद्य व धातुक्षय ठरवून अश्वगंधा, ब्राह्मी, एखादे अरिष्ट देतो. आपल्यापैकी काही जण झोपेची गोळी लिहून मोकळे होतात. पंधरा दिवसांनी रुग्ण थोडा बरा, महिन्याने पुन्हा तसाच, आणि मग येईनासा होतो.

वास्तविक पूर्वरूपाचा विचार ही तर आपली स्वतःची मिळकत. चरकसंहितेतील निदानस्थानाचा सातवा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला आहे. उन्मादाची व्याख्या करताना तेथे मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. परंतु रोग व्यक्त होण्यापूर्वीची लक्षणे म्हणून आचार्य जे सांगतात ते अधिक विचार करण्याजोगे आहे : डोके शून्य वाटणे, दृष्टीची व्याकुळता, कानांत आवाज, अरुची व अपचन, कारण नसता चिंतेत बुडून जाणे, कारण नसता उद्वेग, अंगावर वारंवार काटा येणे. पुढे स्वप्नांचा उल्लेख आहे. तेलाच्या घाण्यावर चढून बसल्याची, वावटळीत सापडल्याची, गढूळ पाण्याच्या भोवऱ्यात बुडत असल्याची स्वप्ने. आमच्या मते या वर्णनामागे रुग्णाजवळ बसून घेतलेला इतिहास आहे. आणि त्याच अध्यायात हा व्याधी कोणास लवकर ग्रासतो याचेही विवेचन आहे : जो भित्रा आहे, ज्याचे सत्त्व आधीच क्लेशाने खचले आहे, ज्याचा देह अतिक्षीण झाला आहे, दुसऱ्या व्याधीच्या वेगाने जो हेलावला आहे, शोक, भय, चिंता यांनी ज्याचे मन वारंवार आहत झाले आहे. आजच्या भाषेत यालाच अतिजोखमीचा गट म्हणतात.

आधुनिक मानसशास्त्रात या दिशेने पद्धतशीर काम सुरू झाले ते बऱ्याच उशिरा. मेलबर्न येथे पॅट्रिक मॅगॉरी, अॅलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशा तरुणांसाठी स्वतंत्र चिकित्सालय काढले. त्यांनी तीन प्रकारची माणसे जोखमीची मानली. पहिला प्रकार, ज्यांना संशय, भास, विचित्र कल्पना यांचा सौम्य अनुभव येतो, पण ‘हा माझ्या मनाचा खेळ असेल’ ही शंका अजून शिल्लक असते. दुसरा, ज्यांना स्पष्ट भ्रम-भास झाले परंतु आठवड्याच्या आत आपोआप निवळले. तिसरा, ज्यांच्या आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणास सायकोसिस आहे, अथवा ज्यांचा स्वभावच मुळात विक्षिप्त कल्पनांकडे झुकलेला आहे, आणि ज्यांची दैनंदिन कामगिरी अलीकडे लक्षणीयरीत्या ढासळली आहे. हेतू असा की रोग व्यक्त झाल्यापासून पहिला योग्य उपचार मिळेपर्यंतचा काळ जितका कमी करता येईल तितका करावा, कारण हा काळ जितका लांबतो तितका पुढील परिणाम वाईट, हे आता सर्वमान्य आहे.

येथवर वाचून कोणा उत्साही वैद्यास वाटेल की आपल्या पूर्वरूपाचेच हे पाश्चात्य रूप, तेव्हा यादी हाती घ्यावी आणि गावोगावचे भावी उन्मादी शोधून काढावेत. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

मेलबर्नच्या सुरुवातीच्या अभ्यासात वर्षभरात सुमारे ४० टक्के तरुणांना सायकोसिस झाल्याचे आढळले होते. पुढे जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये काढलेला आकडा तीन वर्षांत ३६ टक्के होता. २०२१ च्या तशाच संकलनात तो तीन वर्षांत २५ टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे तज्ज्ञांनी, तासभर मुलाखत घेऊन, प्रमाणित कसोट्या लावून निवडलेल्या चार तरुणांपैकी तिघांना तीन वर्षांत सायकोसिस होत नाही. तेही ज्या चिकित्सालयात मुळात त्रस्त मुलेच पाठविली जातात तेथे. आपल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत वर्तविलेल्या भाकिताची किंमत काय असेल हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे. अमेरिकन मानसोपचार संघटनेनेही २०१३ च्या आपल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेला मुख्य यादीत स्थान दिले नाही, अधिक अभ्यासाची गरज असलेल्या अवस्थांमध्ये ठेवले. त्या चर्चेत मुख्य चिंता हीच होती की निरोगी होऊ शकणाऱ्या मुलांच्या कपाळी शिक्का बसेल आणि त्यांना अकारण तीव्र औषधे दिली जातील.

आपल्या शास्त्रालाही हा भेद अपरिचित नाही. माधवनिदानाच्या अभ्यासात आपण सामान्य आणि विशिष्ट अशी दोन पूर्वरूपे शिकतो. अरुची, अनिद्रा, उद्वेग ही लक्षणे अनेक व्याधींच्या उंबरठ्यावर दिसतात. ती विषादाची असू शकतात, थायरॉइडच्या विकाराची असू शकतात, परीक्षेच्या धास्तीची असू शकतात. सुश्रुताचार्यांच्या षट्क्रियाकालात पूर्वरूप स्थानसंश्रयाच्या टप्प्यावर येते, आणि त्या टप्प्यावर उपाय केला तर व्यक्ती टळू शकते हे त्या सिद्धांताचे मर्म आहे. जे टळू शकते त्याला आधीच रोगाचे नाव देणे शास्त्रसंमत कसे ठरेल?

कुष्ठरोगाशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होईल. आपल्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे काम उभे केले त्यात अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर, खेड्यातल्या स्त्रिया कातडीवरचा बधिर चट्टा ओळखू लागल्या आणि विकृती येण्यापूर्वीच रुग्ण औषधाखाली येऊ लागले. लवकर ओळखण्याला पदवी लागत नाही, शिकवण आणि विश्वास लागतो, हे जामखेडने जगाला दाखवले. परंतु बधिर चट्टा हा कुष्ठच असतो. अबोल झालेला मुलगा मात्र बहुधा केवळ अबोल झालेला मुलगा असतो. म्हणून येथे ओळखायचे ते रोगाला नव्हे, पुढे लक्ष ठेवण्याची गरज कोणाला आहे एवढेच.

आणि ही गरज ओळखणे आपल्यालाच का भाग आहे? लंडनच्या दक्षिण भागात अशा तरुणांसाठी उत्तम, सुसज्ज सेवा अनेक वर्षे चालू आहे. तेथे प्रथमच सायकोसिस झालेल्या रुग्णांची पाहणी केली तेव्हा त्यांतील शंभरात पाच जणही आधी त्या जोखीम-चिकित्सालयात आलेले नव्हते. जेथे विशेष चिकित्सालय हाकेच्या अंतरावर आहे तेथे ही स्थिती, तर आपल्याकडे काय! २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (त्यातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता) सायकोसिसच्या रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. ते विशेष चिकित्सालयात गेले नव्हते. कोणा डॉक्टरच्या, वैद्याच्या, देवऋषीच्या दारात मात्र बहुतेक जाऊन आले असणार.

तर मग विचारावे काय? झोपेचे विचारतोच. त्यानंतर, आईला बाहेर बसवून, साध्या बोलीत चार गोष्टी विचाराव्यात. लोक तुझ्याविषयी कुजबुजतात, तुझ्यावर पाळत ठेवतात असे वाटते का? तुझ्या मनातले न सांगता दुसऱ्यांना कळते असे होते का? जवळ कोणी नसताना हाक, बोलणे ऐकू येते का? आणि येत असेल तर ते खरे वाटते की भास वाटतो? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पारनेर भागातील एक विशीतला तरुण, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यास खोली करून राहिलेला, परत येऊन घरात बसला होता. वस्तीवरचे लोक आपल्याविषयी बोलतात असे त्याने सांगितले आणि लगेच म्हणाला, ‘पण सर, ते कशाला बोलतील माझ्याविषयी?’ ही शंका शिल्लक होती तोवर तो उंबरठ्याच्या अलीकडे होता. आम्ही त्याला तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी वर्षभर बोलावून बोलणे केले, झोप आणि दिनचर्या मार्गी लावली, सायकोसिसचे औषध दिले नाही. त्याला सायकोसिस झाला नाही. आज तो गावातच दूध संकलनाचे काम पाहतो. आपण त्याचा रोग टाळला असा दावा करण्याचा मोह होतो, पण वर दिलेले आकडे पाहता तो दावा कोणालाच करता येणार नाही.

या प्रश्नांना जोडून आणखी तीन गोष्टींची चौकशी हवी. घराण्यात कोणाला असा आजार होता का? हे ‘नाही’ असेच उत्तर येईल, म्हणून ‘कोणी घर सोडून गेले होते का, कोणी बोलायचेच बंद झाले होते का’ असे विचारावे. दुसरी गांजाची. गांजाला आपल्याकडे साधुसंतांच्या संगतीने एक प्रकारची प्रतिष्ठा आहे, परंतु कोवळ्या वयात नित्य गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसचे प्रमाण अधिक असते हे निर्विवाद आहे. तिसरी, लहानपणी झालेल्या मारहाणीची व अत्याचाराची, जी पहिल्या भेटीत कोणी सांगत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते, आणि या पाच-सहा महिन्यांत त्या मुलावर नजर ठेवणारे शिक्षक, शेजारी, वैद्य सगळेच बदलतात.

‘अंगात येणे’ याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. देवीच्या यात्रेत, आरतीच्या वेळी, ठरलेल्या स्थळी-काळी ज्या बाईच्या अंगात येते आणि जी तासाभराने उठून स्वयंपाकाला लागते, तिला आपण रोगी मानण्याचे कारण नाही. वारीत विठोबा भेटला असे म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. या जिल्ह्यातच मेहेरबाबांनी १९३० च्या दशकात राहुरी येथे वेड्यांसाठी आश्रम चालवला होता आणि ईश्वरात मस्त झालेला व नुसता भ्रमिष्ट यांत ते फरक करीत. तो फरक करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. आम्ही एवढेच पाहतो की माणूस परत आपल्या कामावर, आपल्या माणसांत येतो की नाही. पूर्वी येत होता आणि आता येत नाही, असे असेल तर विचारपूस करावी. चरकाचार्यांनी स्वतः म्हटले आहे की देव, गंधर्व, पिशाच कोणी माणसाला पीडा देत नाहीत, मूळ कारण प्रज्ञापराधात असते. यातून ‘तुझीच चूक’ असा अर्थ काढून रुग्णाला दोष देणारेही आमच्या पाहण्यात आहेत. तो अर्थ तितकाच घातक.

आता उपचाराविषयी. उन्मादचिकित्सेत त्रासन, बंधन, भयदर्शन यांचे उल्लेख आहेत. ते आज कोणीही वापरू नयेत, हे स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडास पूर्ण बंदी केली आहे, आणि तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून गेले, त्यानंतर या विषयावर वाद शिल्लक राहू नये. मारहाण करून भूत काढणाऱ्यांना २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. मात्र देवस्थानी जाणाऱ्या कुटुंबाला धमकावून काही साधत नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुवा’ या नावाने मुजावर व मानसोपचारतज्ज्ञ एकत्र काम करू लागले, तो मार्ग आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

ब्राह्मी, शंखपुष्पी, कल्याणक घृत यांनी उन्माद टळतो असे आपल्यापैकी अनेक जण आत्मविश्वासाने सांगतात. येथे एक उदाहरण द्यावेसे वाटते. व्हिएन्नात ८१ जोखमीच्या तरुणांवर माशाच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्लांचा प्रयोग झाला. २०१० मध्ये निष्कर्ष आले, ते थक्क करणारे होते. मग तोच प्रयोग अनेक देशांत ३०४ तरुणांवर झाला. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. औषध आणि नुसती गोळी यांत फरक नव्हता. निरुपद्रवी द्रव्य, लहान प्रयोग, मोठी आशा, आणि मग हे. आपल्या घृतांची अशी एकही मोठी परीक्षा झालेली आम्हांस माहीत नाही. ती होईपर्यंत आपण ती झोप, अग्नी व बल यांसाठी द्यावीत, उन्माद टाळण्याचे वचन देऊन नव्हे. सर्पगंधेचा अभिमान मात्र रास्त आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व रक्तदाब यांवरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला, १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले आणि पाश्चात्य मानसोपचाराने काही काळ तेच वापरले. पण तीच सर्पगंधा विषाद वाढवू शकते, म्हणून उदास तरुणास ती देणे धोक्याचे. ब्रिटनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना तर जोखमीच्या अवस्थेत सायकोसिसविरोधी औषधेही देऊ नयेत, संवादावर आधारित उपचार द्यावेत, असे सांगतात. आपल्या परिभाषेत हे सत्त्वावजयाच्या जवळचे आहे. झोपेची वेळ, गांजा बंद, घरातील टोमणे बंद, दिवसातून एक ठरलेले काम : एवढे तर प्रत्येक वैद्य आजपासून करू शकतो.

कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिकांत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यांचा समावेश केला आहे, केवळ बी.ए.एम.एस. असलेल्यांचा नाही. याचे आम्हांस दुःख नाही. आपले काम पाठवण्याचे आहे आणि ते नीट करायचे आहे. शंका संपून खात्री झाली असेल, भास हुकूम देत असतील, जीव देण्याचे बोलणे असेल, तर त्याच दिवशी पाठवावे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आहे, लोणीचे महाविद्यालय आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही मोफत सेवा मराठीतही उपलब्ध आहे. तो क्रमांक आमच्या दवाखान्यात वजनकाट्याच्या वर लावला आहे.

पाठवण्याच्या आड सर्वाधिक येते ते लग्न. ‘मुलीचे लग्न व्हायचे आहे, बाहेर कळता कामा नये’, किंवा त्याहून वाईट, ‘लग्न केले की ठीक होईल.’ आमच्या माहितीतील एका मुलीचे असेच लग्न उरकले गेले. सहा महिन्यांत तिला माहेरी आणून सोडले, तोवर रोग पूर्ण व्यक्त झाला होता. तिला निदान माहेर होते. ज्यांना तेही उरत नाही अशा स्त्रियांसाठी शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांनी ‘माऊली’ हा आश्रय उभा केला आहे. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रिया तेथे राहतात, काहींची मुलेही तेथेच वाढतात. तेथे जाऊन आल्यावर आमच्या मनात राहिलेला प्रश्न एवढाच होता की या प्रत्येकीच्या गावातही कोणाचा तरी दवाखाना होता, आणि कधी तरी, झोप येत नाही म्हणून, ती तेथे गेली असेलच.

गुप्ततेची नातलगांची भीती आपणच कमी करू शकतो. रुग्णपत्रिकेवर ‘उन्माद’, ‘सायकोसिस’ असे शब्द लिहू नयेत. ‘अनिद्रा, उद्वेग, निरीक्षणाखाली’ असे लिहावे, कारण त्या अवस्थेत तेच सत्य आहे. तज्ज्ञांकडील चिठ्ठी पाकिटात, बंद करून द्यावी. पुढील तारीख पंधरा दिवसांची घालावी आणि वहीत वेगळ्या पानावर नोंदवावी. अशा रुग्णांपैकी जो ठरल्या दिवशी येत नाही, त्यालाच संध्याकाळी दवाखाना बंद करण्यापूर्वी फोन करावा. औषधाविषयी न विचारता, काल रात्री झोप किती लागली एवढेच विचारावे.